पालथा दगड

मरोळच्या पाखाडीत, तीन टॉवरांच्या मधे उरलेल्या अंगणात
मी टेप धरून उभा. दुसरं टोक शिपायाच्या हातात,
तो विहिरीच्या कठड्याशी ओणवा.
नकाशात इथे एक चौकोन आहे आणि नंबर.

हद्दीची खूण नेमकी धुण्याच्या दगडाखाली.
"हलवावा लागेल, ब्रिजिताबाय."
ती काही बोलली नाही. साबणाची वडी तेवढी उचलून घेतली.

चार बिगारी, दोन पहारी, एक शिवी,
आणि दगड उलटला.

वर सूर्य, शेजारी चंद्राची कोर.
हे दोघे आहेत तोवर, असा त्याचा अर्थ.
म्हणजे कायमचं.
राजे कायमचं हा शब्द फार सहज कोरून घेत.
खाली नऊ ओळी. पेनाच्या टोपणाने माती काढत
लागलं तेवढं वाचलं:
कुणी एक महामंडलेश्वर, पुढे त्याची अकरा बिरुदं,
या वाडीतले नारळ आणि पोफळी
देवाच्या नंदादीपाला.
कर घेऊ नये. कुणी अडवू नये. कुणी मोडू नये.
आणि तळाशी, ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी,
गाढव.
गाढवाखाली बाई.

"काय लिवलंय?"
"जमिनीचं आहे. दानपत्र."
"आन ही कोन?"
मी टेप गुंडाळायला लागलो.
"जो हे मोडेल, त्याची आई."

ती वाकली. चष्मा पदराला पुसून पुन्हा वाकली.
"आन मोडनारा? तो खंय हाय?"

मी शोधला, खरंच शोधला.
राजा पहिल्या ओळीत होता, देव चौथ्या,
लिहिणाऱ्या कारकुनाने कोपऱ्यात आपलं नावही दाटीवाटीनं बसवलेलं.
मोडणारा कुठेच नव्हता.

मोडणारे तसे पुष्कळ झाले.
सुलतानाच्या ठाणेदाराने पोफळी मोजून नेल्या,
पाद्र्यांना हीच वाडी दुसऱ्या राजाने दान दिली,
कंपनीच्या साहेबाने नव्या वहीत नवं नाव घातलं,
आणि आज मी, सरकारी टेप, तीस मीटर.
माझी आई चिपळूणला असते.
गुडघे दुखतात तिचे. एवढंच.

पाथरवटाचं मला कळत नाही.
गाढवाची आयाळ त्याने केसन् केस काढली आहे,
कान, खूर, शेपटीचा गोंडासुद्धा.
बाईचा अंबाडा आहे, हातात दोन कांकणं आहेत,
चेहऱ्याच्या जागी मात्र सपाट दगड.
झिजलेला नाही. पालथ्या दगडाला पाऊस लागत नाही.
छिन्नीच लागलेली नाही तिथे.
मजुरी अक्षरावर ठरली असेल.
किंवा दुपारी कुणी त्याला आंबील घेऊन आलं असेल,
समोर बसलं असेल त्याचं खाणं होईपर्यंत,
आणि मग त्याला
पण हे पंचनाम्यात लिहायचं नसतं.

"माझे सासूचे सासूनं पालथा केलता," ब्रिजिताबाय म्हणाली,
"ती आन तिची जाव. रातचं. दोघीच."
आत्ता चार गडी लागले होते.
"कशाला, ते कुनी सांगलं नाय.
आमी आपलं धुनं आपटत ऱ्हायलो."

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं
राजाच्या हुकमाच्या पाठीवर
लंगोट, लुगडी, पोरांचे गणवेश, लग्नाच्या चादरी,
रोज सकाळी, धप्प धप्प,
आणि खाली मातीला तोंड लावून ती बाई,
निदान कुणाच्या नजरेस न पडता.

पुरातत्त्ववाल्यांना कळवावं लागेल, मी म्हणालो.
दगड मोलाचा आहे. काचेत ठेवतील, उजेड सोडतील वरून.

तिने बादलीकडे पाहिलं, मग बिगाऱ्यांकडे.
"पोरांनू, पालथा घाला परत.
माजं धुनं बाकी हाय."

बिगारी माझ्याकडे बघत होते.
फॉर्मवर 'शेरा' नावाचा रकाना असतो, बोटभर रुंद.
मी पेनाला टोपण लावलं. टोपणात माती होती.
मग दगडाचा एक कोपरा
मीही धरला.